पिकअपचा टो हिच: गणपतीपासून होळीपर्यंत वापरून

माझा ट्रक सेकंडहँड टोयोटा टॅकोमा, चार सिलिंडरचा. घेतला तेव्हा मागे हिच, म्हणजे ट्रेलर जोडायची लोखंडी जोडणी, नव्हता. हूस्टनमध्ये पिकअप घेतल्यावर "ट्रेलर ओढतो ना रे?" हे कुणी ना कुणी विचारतंच, म्हणून गेल्या गणपतीच्या आधी हिच बसवून घेतला. तेव्हापासून त्याला नाना तऱ्हेचे ट्रेलर लागले: ढोल-ताशा पथकाचा बंद ट्रेलर, शेजाऱ्याचा मल्च (बागेत पसरायचा लाकडाचा चुरा) आणायचा उघडा ट्रेलर, घर बदलणाऱ्यांसाठी यू-हॉल कंपनीचे भाड्याने आणलेले ट्रेलर, आणि गॅल्व्हस्टनला न्यायची मित्राची छोटी अ‍ॅल्युमिनियमची बोट. सगळं एकाच ट्रकमागे, म्हणून मला हवा होता सगळ्याला चालेल असा हिच.

आधी निकाल सांगून टाकतो. लोक रिसीव्हर निवडण्यात आठवडे घालवतात आणि बॉल माउंट मात्र बिल करताना समोर दिसेल तो उचलतात. डोकं चालवायचं ते बॉल माउंटवर. ट्रकच्या चासीला बोल्टने घट्ट बसतो तो चौकोनी तोंडाचा रिसीव्हर, आणि त्यात सरकवतो तो दांडा म्हणजे बॉल माउंट. ओळखीच्या कंपनीचा, आपल्या मॉडेलसाठी बनवलेला रिसीव्हर घेतला की त्यात चुकायला फारसं काही उरत नाही. कर्ट, ड्रॉ-टाइट, रीस, कुठलाही घ्या. टॅकोमाच्या चासीला भोकं तयार असतात, ड्रिल लागत नाही.

फक्त आकड्यांना भुलू नका. क्लास १ चा हिच २,००० पौंडांपर्यंत, क्लास २ चा ३,५०० पर्यंत, क्लास ३ चा साधारण ८,००० पर्यंत. माझा क्लास ३ आहे. म्हणून माझा ट्रक ८,००० पौंड ओढतो का? अजिबात नाही. माझ्या चार सिलिंडरच्या टॅकोमाची मर्यादा ३,५०० पौंड, ती हिच बदलून वाढत नाही. त्याच काळातल्या सहा सिलिंडरच्या (व्ही-६) टॅकोमाला कंपनीचं टो पॅकेज असेल तर आकडा ६,००० च्या वर जातो, पण त्यात नुसता हिच नसतो; ऑइल कूलर, ट्रान्समिशन कूलर, मोठा अल्टरनेटर असं बरंच असतं. ट्रक, रिसीव्हर, बॉल माउंट, त्यावरचा गोळा म्हणजे बॉल, त्या बॉलवर बसणारी ट्रेलरची वाटी म्हणजे कपलर, प्रत्येकाची आपली मर्यादा असते. त्यातली सगळ्यात लहान तीच तुमची मर्यादा.

मग ३,५०० पुरतात तर क्लास २ का नाही? कारण क्लास १ आणि २ चं तोंड सव्वा इंची आणि क्लास ३ चं दोन इंची. बाजारात सायकल रॅकपासून मागच्या पायरीपर्यंत जे काही मिळतं, ते बहुतेक दोन इंची तोंडासाठीच.

आता बॉल माउंट. ओढताना ट्रेलर जमिनीला समांतर हवा. त्याचं नाक, म्हणजे पुढचं टोक, वर असलं की वजन मागे सरकतं आणि ट्रेलर शेपूट हलवायला लागतो. नाक खाली असलं की ट्रकची मागची बाजू दबते. सपाट जागेवर जमिनीपासून रिसीव्हरच्या तोंडाच्या आतल्या वरच्या कडेपर्यंत मोजा. मग ट्रेलर समांतर उभा करून जमिनीपासून कपलरच्या खालच्या कडेपर्यंत मोजा. जो फरक येईल तितका बॉल माउंटचा ड्रॉप, म्हणजे बॉल रिसीव्हरपेक्षा तितका खाली हवा. टॅकोमा मुळातच उंच, पथकाचा ट्रेलर बुटका, मल्चवाला त्याहून बुटका. एका ठरावीक ड्रॉपच्या दांड्यावर दोघांचं भागणं शक्य नव्हतं.

पथकातल्या एका काकांकडे तीन बॉलवाला माउंट आहे. फिरवला की हवा तो बॉल वर. दिसायला झकास, पण उंची एकच. त्यांचा ट्रक बसका, त्यांचं भागतं. मी घेतला उंची बदलता येणारा, दोन बॉलचा, पोलादी. एका बाजूला २ इंची बॉल, दुसऱ्या बाजूला २-५/१६ इंची, म्हणजे सव्वादोनला किंचित वर. दोन पिना उपसायच्या, बॉलचा ठोकळा हव्या त्या भोकांवर आणायचा, पिना परत घालायच्या. मिनिटाचं काम. किंमत जवळजवळ रिसीव्हरइतकीच पडली, पण दर ट्रेलरला नवा दांडा घेण्यापेक्षा स्वस्त. अ‍ॅल्युमिनियमचा हलका असतो आणि गंजत नाही, पण महाग. माझा पोलादी माउंट काढून ठेवताना मनगट बोलतं.

तक्रारी आहेत. पहिली म्हणजे खडखड. रिसीव्हरच्या तोंडात दांडा थोडा सैल बसतो, आणि ट्रेलर रिकामा असला की फ्रीवेच्या प्रत्येक सांध्यावर टण्ण आवाज येतो. यू-बोल्टच्या आकाराचा अँटी-रॅटल क्लॅम्प लावल्यावर बराच कमी झाला. दुसरी, रंग. हिवाळ्याच्या आतच ठोकळ्याच्या कडांवरचा काळा रंग पोपडे धरून निघाला आणि खाली गंज दिसायला लागला. हूस्टनची दमट हवा, वर गॅल्व्हस्टनचं खारं पाणी. ताकदीला काही होत नाही, पण या किमतीत पावडर कोटिंग याहून बरं हवं होतं. तिसरी तक्रार हिचवाल्या प्रत्येकाची: अंधारात ट्रकमागून जाताना माउंट नडगीला लागतो. ट्रेलर नसेल तेव्हा काढून ठेवा. चोरीचीही भीती राहत नाही, नाहीतर कुलुपाची पिन लावा.

बॉलच्या मापाशी मात्र खेळ नको. २-५/१६ चा कपलर २ इंची बॉलवर बसल्यासारखा वाटतो, खिट्टीही लागते, आणि पहिल्या मोठ्या खड्ड्यात उसळून निघतो. कपलरवर माप कोरलेलं असतं, ते वाचा. खिट्टी लावून पिन घातली की ट्रेलरचा जॅक पुन्हा वर फिरवा. ट्रकचा मागचा भाग त्याच्याबरोबर उचलला गेला पाहिजे. कपलर एकटाच वर आला तर तो बसलेला नाही. मग साखळ्या, कपलरच्या खालून फुलीत. कपलर निसटलाच तर नाक रस्त्याला न टेकता या फुलीत झेललं जातं. पथकातली पोरं घाईत साखळ्या सरळ अडकवतात, मी हटकून परत काढायला लावतो.

बॉल सुटा घेणार असाल तर नटाकडे लक्ष द्या. एक इंची दांड्याच्या बॉलला साधारण २५० फूट-पौंड टॉर्क, म्हणजे आवळायचा जोर, लागतो. घरातल्या बहुतेक टॉर्क रेंच १५० ला संपतात. दुकानातून आवळून आणा.

वजनाचं एक सांगतो, कारण ढोल फसवतात. जागा खातात, वजन थोडं. खरं वजन जनरेटर आणि स्पीकरचं. नाकावरचा भार ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के हवा, म्हणजे २,५०० पौंडांच्या ट्रेलरला २५० ते ३७५. जनरेटर चाकांच्या आसाच्या पुढे ठेवला की बहुतेक जमून येतं. मोजायचं असेल तर बाथरूमचा वजनकाटा पुरतो. एक जाड फळी घ्या, एक टोक विटेवर, दुसरं काट्यावर. विटेपासून एक फुटावर कपलरच्या जॅकचा पाय टेकवा, काटा त्याच्यापुढे दोन फुटांवर. काट्यावर येईल त्याची तिप्पट म्हणजे नाकाचा भार. फळीचं स्वतःचं वजन आधी वजा करा. हा भार ट्रकच्या पेलोडमधून, म्हणजे ट्रकवर लादता येणाऱ्या वजनातून, जातो, हेही धरा. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर आकडा असतो, त्यातून नाकाचा भार वजा करा, मग आत बसणारे चार धष्टपुष्ट वादक, मग मागे भरलेले ताशे.

वायरिंगला चार पिनांचं चपटं सॉकेट बसवलं: टेल लाइट, डावा, उजवा, अर्थ. विजेचे ब्रेक असलेल्या ट्रेलरला सात पिनांचं गोल सॉकेट आणि केबिनमध्ये ब्रेक कंट्रोलर लागतो. टेक्सासमध्ये ४,५०० पौंडांपर्यंतच्या ट्रेलरला ब्रेकची सक्ती नाही, माझी मर्यादाच त्याखाली, म्हणून मी थांबलो. दुसऱ्या राज्यात असाल तर तिथला नियम बघा, बऱ्याच ठिकाणी तो कडक आहे.

आणि रिसीव्हरच्या तोंडाला दोन-चार डॉलरचं रबरी बूच जरूर लावा. उन्हाळ्यात आत कुंभारमाशा मातीची घरं बांधतात, आणि ऐन निघायच्या वेळी स्क्रूड्रायव्हरने ती खरवडत बसायला कुणालाच वेळ नसतो.