नंदुरबार आणि गडचिरोली: दोन टोकं

दोन्ही आदिवासी जिल्हे, म्हणून अनेकदा एका दमात नाव घेतलं जातं. पण साम्य बरंचसं तिथेच संपतं.

गडचिरोली १९८२ साली चंद्रपुरातून निघाला, नंदुरबार १९९८ ला धुळ्यातून. गडचिरोली १४,४१२ चौरस किलोमीटरचा, नंदुरबार जेमतेम सहा हजारांचा. तरी २०११ च्या जनगणनेत माणसं नंदुरबारात जास्त, साडेसोळा लाखांच्या घरात, गडचिरोलीत पावणेअकरा. उरलेली जागा जंगलाची.

नंदुरबारात सातपुड्याच्या उतारावर भिल्ल, पावरा. खाली तापीकाठी गुजर, पाटलांची शेती आणि बाजारात अहिराणी. हंगामात नंदुरबारजवळच्या पथारींवर मिरची वाळत पडते, लांबून जमीनच लाल दिसते. ठसका मात्र जवळ गेल्यावर लागतो.

गडचिरोली एका भाषेत मावतच नाही. उत्तरेला झाडीबोली, भामरागडला माडिया, सिरोंचात तेलुगू, मुलचेऱ्याकडे बंगाली. भामरागडला पर्लकोटा, पामुलगौतमी आणि इंद्रावती एकत्र येतात. पावसाळ्यात पूर चढला की गावाचा संपर्क तुटतो.

नंदुरबारला सुरत-भुसावळ रेल्वे तरी आहे. गडचिरोलीत रेल्वे म्हटलं की वर्षानुवर्षं एकच नाव, वडसा. तिथून सिरोंचा गाठायला अख्खा दिवस हाताशी ठेवावा.

मोह मात्र दोन्हीकडे. उन्हाळ्यात पहाटेच टोपल्या घेऊन बायका झाडाखाली.