सीईए का एमएमआर? मामांच्या रिपोर्टवरून सांगतो
मागल्या वर्षी मामांचं आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं तवा दोन टेस्टा करायला सांगितल्या, आन घरात सगळे इचारायले की दोन्ही कामून, एकीत भागत न्हाई का.

सीईए म्हणजे रक्तातलं प्रोटीन, 1965 ला सापडलेलं. 5 च्या (नॅनोग्रॅम प्रति मिली) खाली नॉर्मल धरतेत. ऑपरेशनआधी लई वाढलेलं आसल तर धोका जास्त, नंतर महिना-दीड महिन्यात उतरलं पायजे, न्हाई उतरलं तर कुठंतरी काही शिल्लक असायची शंका. सोपी टेस्ट, पण बिडी-सिगारेटवाल्याचं बिनकॅन्सरचंबी थोडं वर असतंय, आन कॅन्सर असून नॉर्मल येणारेबी हायेत.

एमएमआर, म्हणजे पेशीतल्या डीएनएच्या चुका दुरुस्त करणाऱ्या प्रोटीनांची टेस्ट, मात्र गाठीच्या तुकड्यावर करतेत. एमएलएच1, पीएमएस2, एमएसएच2, एमएसएच6 ही चार प्रोटीनं हायेत का बघायची. असली तर रंग दिल्यावर पेशीचं केंद्र तपकिरी दिसतंय, एखादं प्रोटीन गेलं असलं तर गाठीच्या पेशी निळ्या आन शेजारच्या चांगल्या पेशी तपकिरी. आतड्याच्या कॅन्सरच्या साधारण 100 तल्या 15 जणांत ते गेलेलं असतंय, आन गंमत म्हणजे दुसऱ्या स्टेजला गेलेलं असणं चांगलं, कॅन्सर परत यायची शक्यता कमी. शिवाय लिंच सिंड्रोम (घराण्यात चालत येणारा कॅन्सरचा धोका) निघाला तर भावाबहिणींचीबी तपासणी लागते, हे सीईए कधीच सांगणार न्हाई.

मला इचाराल तर पुढचा अंदाज बांधायला आधी स्टेज, मग एमएमआर, आन सीईए दर तीन-सहा महिन्याला नजर ठेवायला. अंबाजोगाईहून संभाजीनगरला ब्लॉक (मेणात बसवलेला गाठीचा तुकडा) एसटीनं न्यायचा आसल तर उन्हात ठेवू नका, मेणय ते.