मूड चार्ट, कौटुंबिक सत्रं आणि एक पानी करार: बायपोलर असलेल्या घरातून, काही महिन्यांच्या वापरानंतर

धाकट्या बहिणीला बायपोलर आहे, म्हणजे मूड कधी अतिउत्साहाच्या तर कधी नैराश्याच्या टोकाला नेणारा आजार, आणि ती आमच्याकडेच राहते. घरच्यांसाठी म्हणून जी काही साधनं मिळतात ती गेले बरेच महिने आम्ही एकेक करून वापरतोय. हे लिहायला तिची हरकत नाही. उलट एक-दोन वाक्यं तिनेच दुरुस्त केलीत. माझं मत आधीच सांगून टाकतो: नुसती वाचायची साधनं लवकर बाजूला पडतात. आजारी माणूस आणि घरचे मिळून जी भरतात, तीच टिकतात.

सगळ्यात जास्त वापरला गेला तो मूड चार्ट. बायपोलर यूके या संस्थेची 0 ते 10 ची मोजपट्टी आम्ही घेतली. 4 ते 6 म्हणजे समतोल, त्याखाली नैराश्य, 7-8 म्हणजे हायपोमेनिया (अतिउत्साहाची सौम्य अवस्था) आणि त्याच्याही वर मेनिया (तीच अवस्था तीव्र झालेली). प्रत्येक आकड्यापुढे वर्णन असल्यामुळे ‘आज बरंय’ असं म्हणून सुटता येत नाही. आधी अ‍ॅप वापरून पाहिलं, पण ते सारखं आठवण करून द्यायचं म्हणून ती वैतागली, आणि इतकी खाजगी माहिती कुठे साठते हेही धड कळेना. आता साधा छापील कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला असतो. मूडचा आकडा, झोपेचे तास, औषध घेतल्याची खूण आणि दिवसभरातली एखादी ठळक गोष्ट, एवढंच.

पहिल्या काही आठवड्यांत यावरूनच भांडणं झाली. तिने 6 लिहिलं की मला ते 8 वाटायचं. ‘दादा, हा माझा मूड आहे, तुझा नाही,’ असं तिने एकदा ठणकावलं. तेव्हापासून मूडचा आकडा तिचा. मी फक्त झोपेचा रकाना पाहतो. खरं सांगायचं तर तोच रकाना जास्त बोलतो. मूडबद्दल वाद घालता येतो, साडेतीन तास झोपूनही सकाळी सहाला कपाटं आवरायला घेतली याबद्दल नाही. कमी झोपूनही थकवा न येणं हे मेनियाचं लक्षण आहे, आणि झोपमोड झाल्यामुळे मेनिया सुरूही होऊ शकतो. निदानाच्या निकषांत हायपोमेनियासाठी सलग 4 दिवस आणि मेनियासाठी आठवडा धरतात. घरच्यांनी आठवडाभर वाट बघत बसायचं नसतं. सलग दोन रात्री झोप नेहमीपेक्षा बरीच कमी झाली की डॉक्टरांना फोन, असं आमचं ठरलंय.

कौटुंबिक सत्रांकडून माझी फारशी अपेक्षा नव्हती. डेव्हिड मिक्लोविट्झ या मानसशास्त्रज्ञाने विकसित केलेली ‘फॅमिली फोकस्ड थेरपी’ मुळात साधारण 9 महिन्यांत 21 सत्रांची असते: आधी आजाराची माहिती, मग एकमेकांशी बोलायचं कसं, मग अडचणी सोडवायच्या कशा. आम्हाला तिचा छोटा अवतारच मिळाला. माहितीचा भाग मला रटाळ वाटला; इतकी वर्षं घरात आजार असला की बरंचसं ठाऊक झालेलं असतं. बोलण्याचा भाग मात्र सोन्यासारखा. घरातली सततची टीका, राग आणि अतिकाळजी यांमुळे आजार उलटण्याची शक्यता वाढते, असं संशोधनात पुन्हापुन्हा दिसलंय. टीकेचं पटतं, पण अतिकाळजीही त्याच यादीत आहे हे ऐकून आईचा चेहरा उतरला. ‘गोळी घेतलीस का?’ हा प्रश्न आमच्याकडे सकाळ-संध्याकाळ चालायचा. आता तो कुणीच विचारत नाही, चार्टवर खूण असते. बहिणीच्या मते सगळ्यात मोठा फरक याच एका गोष्टीने पडला.

सत्रांतच एक पानी करार तयार झाला. तो ती बरी असतानाच लिहायचा, ही पहिली अट. धोक्याच्या खुणा तिच्या स्वतःच्या आहेत: मध्यरात्रीनंतर एकामागोमाग एक मेसेज, एकाच वेळी तीन नवे उद्योग सुरू करायच्या गप्पा, वाक्य पुरं होण्याआधीच दुसरं. मग कुणी काय करायचं ते. कार्डाची मर्यादा कमी करायची, मोठी खरेदी 48 तास थांबवायची, गाडीची किल्ली माझ्याकडे. खाली दोघांच्या सह्या. एकदा ते पान खरंच बाहेर काढावं लागलं. ती चिडली, पण ‘तूच लिहिलंयस’ एवढं म्हणायची सोय होती, आणि किल्ली मिळाली.

नैराश्यासाठी वेगळी बाजू आहे, आणि बहुतेक तयार नमुन्यांत ती कच्ची असते. मेनियाची खबरदारी पानभर, नैराश्याला दोन ओळी. आम्ही त्यात आत्महत्येबद्दल स्पष्ट लिहिलं. सरळ विचारायचं, आडून नाही. विचारल्याने तसा विचार डोक्यात येत नाही. रात्री कुठल्या इमर्जन्सी विभागात जायचं, सोबत कोण जाईल, आणि घरात गोळ्यांचा मोठा साठा ठेवायचा नाही. लिथियम या मूड स्थिर ठेवणाऱ्या औषधाचा जादा डोस जिवावर बेतू शकतो, म्हणून शेवटचा मुद्दा टाळू नका.

लिथियमवरून आठवलं. जॉन केड या ऑस्ट्रेलियन मानसोपचारतज्ज्ञांनी 1949 मध्ये मेनियावर त्याचा उपयोग दाखवला, आजही ते महत्त्वाचं औषध आहे, आणि घरच्यांना त्याबद्दल हवी ती माहिती एका पानात मावते. त्याची रक्तातली पातळी तपासायला रक्त शेवटच्या डोसनंतर साधारण 12 तासांनी द्यायचं. मूत्रपिंड, थायरॉइड, कॅल्शियम यांच्या तपासण्या ठरलेल्या वेळी. आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामकांनी किंवा उलट्या-जुलाबांनी पातळी वाढू शकते. हात जोरात थरथरणं, जीभ जड होणं, चालताना तोल जाणं असं दिसलं की लगेच दवाखाना. एवढी साधी गोष्ट आम्हाला तुकड्यातुकड्यांत गोळा करावी लागली. एका दवाखान्यात मिळालेल्या चकचकीत पुस्तिकेत सूर्योदयाचे फोटो होते, वेदनाशामकांचा उल्लेखही नव्हता.

संकेतस्थळांमध्ये मानसिक आजार असलेल्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी काम करणाऱ्या अमेरिकेच्या डीबीएसए आणि नामी या संस्थांची पानं कामाची आहेत, पण इंग्रजीत, म्हणून आईसाठी मुद्दे वहीत उतरवावे लागले. नामीचा ‘फॅमिली टू फॅमिली’ हा 8 सत्रांचा मोफत अभ्यासक्रम अशाच घरांतली प्रशिक्षित माणसं शिकवतात. कल्पना उत्तम आहे, कारण दमलेल्या माणसाला दमलेल्याचंच पटतं. आमचा नातेवाइकांचा ऑनलाइन गट साधारण याच धर्तीवर चालतो. तिथे कुणी औषधं सुचवायला लागलं की मी उठतो, बाकी बोलणं ऐकण्यासारखं असतं. बहिणीला न सांगता जायचं नाही आणि तिच्याबद्दल तिथे काय बोललो ते लपवायचं नाही, एवढं पथ्य मी पाळतो.

सगळ्यात तोकडं पडलं ते लहान मुलांसाठीचं साहित्य. तिचा मुलगा आठ वर्षांचा आहे. त्याच्यासाठी जे सापडलं ते एकतर फार गोड होतं किंवा फार डॉक्टरी. शेवटी तिनेच त्याला सांगितलं: आईच्या मेंदूला एक आजार आहे, तो तुझ्यामुळे झालेला नाही, आणि आई फार वेगात किंवा फार गप्प झाली तर मामाला बोलवायचं. त्याचा पहिला प्रश्न होता, मामा घरी नसला तर? त्या प्रश्नामुळे करारात शेजारच्या काकूंचं नाव घातलं, त्यांना विचारून.