दुबार फायली हटवणाऱ्या प्रोग्रामची चाचणी: आभासी यंत्रावर की सेवा केंद्रातल्या संगणकावर?

परभणी, हिंगोली किंवा लातूरच्या कोणत्याही आपले सरकार सेवा केंद्रातील संगणक पाहिला, तर एकाच आधार कार्डाची स्कॅन केलेली प्रत डेस्कटॉपवर, डाउनलोड्समध्ये आणि अर्जदाराच्या नावाच्या फोल्डरमध्ये पडलेली आढळते. अशा दुबार फायली शोधून हटवणारा प्रोग्राम ज्यांनी तयार केला आहे, त्यांच्यापुढे नवी आवृत्ती काढण्याआधी चाचणीचे दोन मार्ग असतात. एक, आपल्याच संगणकावर आभासी यंत्रे, म्हणजे सॉफ्टवेअरने बनवलेले संगणकातले संगणक, उभारून परीक्षा घेणे; दुसरा, ओळखीच्या केंद्रचालकांना बीटा (अंतिम होण्याआधीची चाचणीची) आवृत्ती देऊन त्यांच्याकडे काय घडते ते पाहणे. वेळ आणि पैसा बेताचा असताना झुकते माप कोणाला द्यायचे, हे नव्या आवृत्तीत नेमके काय बदलले आहे यावर ठरवावे, असे माझे मत आहे.

आभासी यंत्राचा खरा फायदा असा की तीच चूक हवी तितक्या वेळा पुन्हा घडवून आणता येते. आभासी यंत्र चालवणारा व्हर्च्युअलबॉक्स हा प्रोग्राम मोफत मिळतो. त्यात स्वच्छ विंडोजचा स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाच्या स्थितीची जतन केलेली नोंद, घेऊन ठेवला, की प्रोग्रामने काहीही उद्ध्वस्त केले तरी थोड्याच वेळात मूळ स्थिती परत येते. विंडोज सँडबॉक्स हे विंडोजमधलेच तात्पुरते आभासी यंत्र २०१९ पासून उपलब्ध आहे, पण तो विंडोजच्या होम आवृत्तीत मिळत नाही आणि खिडकी बंद करताच त्यातले सारे पुसले जाते, म्हणून धावत्या तपासणीपुरताच तो कामाचा. आभासी यंत्रात मुद्दाम वाकडी उदाहरणे रचावीत: २६० अक्षरांपेक्षा लांब पथ (फोल्डरांसह फायलीचा पूर्ण पत्ता), शून्य बाइटच्या फायली, आकार तोच पण एकच बाइट वेगळा असलेल्या दोन प्रती, आणि हार्ड लिंक. हार्ड लिंकमध्ये नावे दोन असली तरी मजकूर डिस्कवर एकच असतो; त्यातले एक नाव हटवून ‘एवढी जागा मोकळी झाली’ असे सांगणारा प्रोग्राम सरळ खोटे बोलत असतो.

मराठी नावांची परीक्षाही इथेच घ्यावी. ‘ॲफिडेव्हिट’ हे फायलीचे नाव एकाने ‘ॲ’ हे एकच अक्षर वापरून लिहिलेले असते, तर दुसऱ्याने ‘अ’ला वेगळी चंद्र-खूण जोडून. पडद्यावर दोन्ही बहुधा सारखीच दिसतात, पण विंडोजच्या लेखी ती दोन वेगळी नावे आहेत आणि एकाच फोल्डरमध्ये सुखाने नांदतात. केवळ नावावरून तुलना करणारा प्रोग्राम इथे फसतो; आधी आकार आणि मग मजकुराचा हॅश (मजकुरावरून काढलेली ओळख-संख्या) ताडून पाहणारा फसत नाही.

मात्र जे आपल्याला सुचलेच नाही, ते आभासी यंत्रात कधीच दिसत नाही. सर्वांत घातक उदाहरण पेन ड्राइव्हचे आहे. संगणकातल्या डिस्कवरून हटवलेली फाइल रिसायकल बिनमध्ये जाते, परंतु पेन ड्राइव्हवरची थेट नाहीशी होते. यूएसबी आभासी यंत्राला जोडता येते, हे खरे. पण ती जोडून पाहण्याची आठवण क्वचितच होते, आणि सेवा केंद्राचे निम्मे काम तर पेन ड्राइव्हवरच चालते. दुसरी गोष्ट वनड्राइव्हची, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणुकीची. ज्या फायली फक्त ढगात (क्लाउडमध्ये) असतात, त्या हॅश काढण्यासाठी उघडल्या की डाउनलोड होऊ लागतात. केंद्र मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालत असेल, तर दिवसाचा डेटा दुपारपर्यंत संपतो आणि चालकाला कारण कळत नाही. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवरची गती, अँटिव्हायरसची आडकाठी, मध्येच गेलेली वीज आणि डिजिटल सही नसलेल्या इन्स्टॉलरवर स्मार्टस्क्रीन या विंडोजच्या सुरक्षा-सोयीचा इशारा पाहून घाबरलेला माणूस, हे सारे खऱ्या जागीच भेटते.

खऱ्या यंत्रांची अडचण तक्रारीच्या स्वरूपात आहे. व्हॉट्सॲपवर निरोप येतो, ‘‘सर, ते नुसतं गोल गोल फिरायलंय,’’ आणि त्यावरून काहीच उलगडत नाही. म्हणून प्रोग्रामने स्वतः नोंद-फाइल लिहावी; पण तीत फायलींची नावे जशीच्या तशी घेऊ नयेत, कारण त्या नावांमध्ये गावकऱ्यांची नावे आणि दाखल्यांचे प्रकार असतात. एक्स्टेन्शन, आकार आणि त्रुटीचा क्रमांक बहुतेक वेळा पुरतो. शिवाय जून-जुलैत प्रवेशाच्या दाखल्यांची आणि खरीप पीक विम्याची झुंबड असते. त्या काळात बीटा पाठवणाऱ्याला चांगला अभिप्राय तर सोडाच, फोनही उचलला जाणार नाही. अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांकडून चाचणी करून घेण्याचा तिसरा पर्यायही सुचवला जातो. तो वाईट नाही, पण त्यांचे लॅपटॉप केंद्रातल्या संगणकांपेक्षा बरेच नवे असतात.

तेव्हा तुलनेची किंवा हटवण्याची पद्धत बदलली असेल, तर बहुतांश वेळ आभासी यंत्रावर घालवावा. पडद्यावरची मांडणी, मराठी सूचना किंवा वेग बदलला असेल, तर केंद्रांकडे लवकर जावे. दोन्ही बाबतींत बाहेर दिलेल्या बीटा आवृत्तीत ‘हटवा’ हे बटण बंद ठेवून केवळ यादी दाखवावी, आणि पुढच्या टप्प्यात फायली हटवण्याऐवजी त्याच ड्राइव्हवरील वेगळ्या फोल्डरमध्ये हलवाव्यात. यंत्रे निवडताना एक तरी विंडोज १० चे असावे. त्याला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा सर्वसाधारण आधार (सपोर्ट) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असला, तरी विंडोज ११ च्या टीपीएम २.० (संगणकातली सुरक्षा-चिप) सारख्या अटींत न बसणारे जुने संगणक त्यावरच चालत राहणार आहेत.