दीनबंधू गोबरगॅस: सहा वर्षांच्या वापरानंतर

वेंगुर्ले तालुक्यातल्या आमच्या घराच्या परसात 2019 च्या मे महिन्यात, पाऊस सुरू होण्याआधी, आम्ही दोन घनमीटरचे दीनबंधू गोबरगॅस संयंत्र बांधून घेतले. एकूण खर्च 36,000 रुपये आला आणि त्यातला मोठा वाटा जांभा फोडून खड्डा काढणाऱ्यांच्या मजुरीचा होता. केंद्राच्या योजनेतून 12,000 रुपये अनुदान मिळाल्यामुळे पदरचे 24,000 गेले.

तरंगत्या लोखंडी टाकीचा जुना नमुना आम्ही मुद्दाम टाळला, कारण इथल्या खाऱ्या हवेत लोखंड टिकत नाही आणि दर वर्षी खरवडून पुन्हा रंग द्यावा लागतो. दिल्लीच्या अ‍ॅफप्रो संस्थेने 1984 मध्ये पुढे आणलेल्या दीनबंधू नमुन्यात विटांचा घुमट जमिनीखाली असतो आणि त्यात हलणारा भाग एकही नसतो. मात्र सगळी भिस्त गवंड्याच्या हातावर असते. आमच्या घुमटाला गळ्याशी केसाएवढी भेग राहिली होती. साबणाचा फेस लावल्यावर तिथे बुडबुडे दिसले आणि गिलावा पुन्हा करावा लागला. पहिल्या भरणीला सुमारे दोन टन शेण लागले, ते वाडीतल्या चार गोठ्यांतून जमवले. सुरुवातीचा गॅस पेटतच नाही, कारण त्यात कार्बन डायऑक्साइडच जास्त असतो. तो सोडून द्यावा लागतो. ही गोष्ट आम्हांला कोणी आधी सांगितली असती तर आठवडाभराची चिंता वाचली असती.

दोन घनमीटरला रोज 50 किलो शेण हवे, असा हिशेब आहे. आमच्याकडे दोन कोकण कपिला गाई आणि एक म्हैस. गाई लहान चणीच्या असल्याने सगळे मिळून 30 किलोच्या आसपास भरते, आणि एक शेगडी जेमतेम अडीच तास चालते. सकाळची पेज, दुपारचा भात आणि आमटी एवढे त्यात होते. ज्योत निळी आणि स्वच्छ असते, पण आच सिलिंडरपेक्षा सौम्य. तांदळाच्या भाकरीला ती पुरत नाही, अशी आईची तक्रार आजही कायम आहे. शेगडीही मोठ्या छिद्रांची, गोबरगॅससाठीच बनवलेली घ्यावी लागते. पावसाळ्यात नळीत पाणी साचून ज्योत फडफडू लागते, म्हणून दर आठवड्याला तोटी उघडून ते काढतो, आणि शेण कालवायच्या टाकीवर माडाचा झाप घालतो, नाहीतर पावसाचे पाणी शिरून काला पातळ होतो.

आता पैशाचा हिशेब, कारण संयंत्र घेतले ते त्यासाठीच. पूर्वी वर्षाला बारा सिलिंडर लागत, आता दोन लागतात. सिलिंडर 900 रुपयांचा धरला तर वर्षाला 9,000 वाचतात, म्हणजे पदरचे पैसे तीन वर्षांच्या आतच वसूल झाले. पण फायदा एवढाच नाही. नोकरी न करता घर चालेल एवढी पुंजी जमवणे हे आमचे उद्दिष्ट आहे, आणि ती किती लागेल हे मोजताना वार्षिक खर्चाची पंचवीस पट धरण्याची रीत आहे. ही रीत मूळची अमेरिकेची. आपली महागाई पाहता तीस पट धरणे शहाणपणाचे. तरीही पंचवीस पटीने पाहिले, तर 9,000 रुपयांचा वार्षिक खर्च कायमचा कमी झाल्याने जमवायची पुंजीच 2,25,000 रुपयांनी घटली. दुसरीकडे, वाचलेले तेच 9,000 दर एप्रिलच्या 5 तारखेआधी पोस्टातल्या पीपीएफमध्ये भरले आणि सध्याचा 7.1 टक्के दर टिकला, तर पंधरा वर्षांत सुमारे 2,44,000 होतात. दर बदलू शकतो, हे खरे. पण ज्या बचतीने उद्दिष्ट जवळ येते आणि त्याच वेळी पुंजीही वाढते, अशी आमच्या घरात दुसरी नाही. चहा कमी करून पाहिला होता, तो प्रयोग चार दिवस टिकला.

बाहेर पडणारी स्लरी, म्हणजे गॅस निघून गेल्यावर उरलेला शेणाचा काला, माडांना आणि सुपारीला जाते, त्यामुळे विकतच्या खताची पोती निम्म्यावर आली. ही बचत वरच्या हिशेबात धरलेली नाही, तशीच रोजची अर्ध्या तासाची मेहनतही धरलेली नाही. शेण कालवण्याचे काम माझ्याकडे आहे आणि कंटाळा येतो, हेही सांगितले पाहिजे.

गोठ्यात जनावरे आधीपासून असतील आणि घरात बारा महिने माणसे राहत असतील, तरच हे संयंत्र घ्यावे. केवळ शेणासाठी म्हैस विकत घेतली तर पेंडीच्या खर्चात सगळी बचत बुडेल, आणि मुंबईला राहून घर कुलूपबंद ठेवणाऱ्यांचे संयंत्र महिन्या-दोन महिन्यांत निकामी होईल. गणपतीत चाकरमानी घरी आले की पंधरा माणसांचा स्वयंपाक यावर निघत नाही. वर्षाचे ते दोन सिलिंडर बहुतेक त्याच आठवड्यासाठी राखून ठेवलेले असतात.