काळी-पांढरी कार्डं की चिमणाळं? बाळाच्या नजरेसाठी काय निवडावं

बाळाला बघायला काय द्यावं म्हटलं की दोन वस्तू पुढे येतात: काळ्या-पांढऱ्या चित्रांची कार्डं आणि पाळण्यावर टांगायचं रंगीत चिमणाळं. माझा कौल बाळाच्या वयावर आहे. पहिले दोन महिने कार्डं, मग चिमणाळं, आणि चौथ्या महिन्याच्या आसपास दोन्ही मागे ठेवून हातात मावणारा खुळखुळा.

नवजात बाळाला साधारण २० ते ३० सेंटीमीटरवरचंच त्यातल्या त्यात नीट दिसतं, आणि फिकट छटांमधला फरक त्याला कळत नाही. जाड पट्टे, चौकटी, वर्तुळं मात्र नजर धरून ठेवतात. रॉबर्ट फँट्झ या मानसशास्त्रज्ञांनी १९६३ साली दाखवलं होतं, की अगदी काही दिवसांची बाळंही एकरंगी चकतीपेक्षा नक्षीकडे जास्त वेळ पाहतात. त्यासाठी विकतच आणायला हवं असं नाही. पांढऱ्या कागदावर काळ्या मार्करने रेखाटलेलं चित्रही तितकंच चालतं. बाळाने मान वळवली की त्याला पुरे झालं असं समजावं.

चिमणाळं या वयात बहुधा वायाच जातं. उताणं ठेवलेलं बाळ सुरुवातीला मान एका कुशीला वळवून पडतं, त्यामुळे बरोबर डोक्यावर टांगलेलं त्याला दिसतच नाही. दोन-तीन महिन्यांनी मान मध्ये राहते, हलत्या वस्तूमागे नजर फिरू लागते. तेव्हा हळू फिरणाऱ्या चिमणाळ्याची खरी गंमत. घेताना ते एकदा खालून बघा. कित्येक चिमणाळ्यांतले पक्षी आपल्याला सुंदर दिसतात, बाळाला फक्त त्यांच्या कडा दिसतात! आणि बाळ हातांवर जोर देऊन उठू लागलं, किंवा पाच महिन्यांचं झालं, की ते काढाच. दोरी गळ्याभोवती अडकू शकते.

चार महिन्यांच्या सुमारास रंग आणि अंतर बऱ्यापैकी कळू लागतात, हात वस्तूकडे झेपावतो. म्हणून इथे खुळखुळा सरस: डोळा आणि हात एकत्र काम करतात.

मोबाइलवरचे ‘बाळांसाठी’ म्हणून येणारे व्हिडिओ या तुलनेत मी धरतच नाही. एक वर्षाच्या आत स्क्रीन नकोच, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं आहे.

मांडीवर घेतलेल्या बाळाला आपला चेहरा नेमक्या हव्या त्या अंतरावर दिसतो. तो हलतो, हसतो, बाळाच्या हुंकाराला उत्तर देतो. हे कोणत्याच खेळण्याला जमत नाही, त्यामुळे यातलं काहीच घेतलं नाही तरी बाळाचं काही अडत नाही. बाटलीने पाजत असाल तर कूस मात्र आलटून-पालटून बदला, म्हणजे दोन्ही बाजूंना बघायला मिळेल.

पहिल्या काही महिन्यांत डोळे मधूनच तिरळे झाल्यासारखे वाटले तर घाबरू नका. चार महिन्यांनंतरही तसं दिसत असेल, किंवा तीन महिन्यांचं बाळ हलत्या वस्तूमागे नजर फिरवत नसेल, तर नेत्रतज्ज्ञांना दाखवा. डोळ्याच्या बाहुलीत पांढरी झाक दिसली, तर त्याच दिवशी. फार लवकर जन्मलेल्या बाळाच्या दृष्टिपटलाची तपासणी डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळीच करून घ्या. तिथे कोणतंही खेळणं उपयोगाचं नाही.