हिकरीचे जुने गोल्फ क्लब घेताय? मानेवरचा दोरा आधी सोडवायला लावा

सात क्लब, म्हणजे गोल्फच्या काठ्या, नगाला 5,500 प्रमाणे 38,500. वर पॅकिंग आणि गाडीभाडं 2,800. एकूण 41,300 रुपये गेले. 5,000 टोकन म्हणून, उरलेले 36,300 पार्सल साताऱ्यात पोवई नाक्यावर उतरायच्या आधीच. “पाचगणीच्या पारशी बंगल्यातला माल, सगळ्या दांड्या हिकरी,” असं विकणाऱ्याने सांगितलं होतं. (हिकरी म्हणजे जुन्या क्लबच्या दांड्यांचं चिवट, लवचीक लाकूड.) पुढे फोन कसा बंद होतो ते तुम्हाला सांगायला नको.

निघालं काय, तर तीन दांड्या चक्क स्टीलच्या, वर लाकडाच्या रेषा काढलेलं तपकिरी आवरण. गोल्फचे नियम ठरवणाऱ्या आर अँड ए या संस्थेने 1929 साली स्टीलला परवानगी दिली, त्यानंतर असे लाकडासारखे दिसणारे क्लब खरोखर बनत होते. म्हणजे माल जुना आहे, पण हिकरी नाही. फोटोत फरक कळत नाही, लोहचुंबक लावला की एका क्षणात कळतो. विकणाऱ्याला सांगा, एकाच सलग व्हिडिओत चुंबक मानेपासून (डोकं आणि दांडी जुळतात तिथून) मुठीपर्यंत फिरव. टाळाटाळ केली तर फोन ठेवा.

दोन क्लब निव्वळ दिवाणखान्यात टांगायचे. डोकं ओतीव, कडेला साच्याची रेघ कानशीने घासलेली. जुनी लोखंडी डोकी ठोकून घडवायचे आणि छाप पंचाने मारायचे, त्यामुळे अक्षरांच्या कडा धारदार असतात. ओतलेल्या अक्षरांच्या कडा गोलसर येतात. गंजही आम्लाने आणलेला, सगळीकडे सारखाच नारिंगी. खरा जुना थर काळपट तपकिरी असतो आणि खळग्यांत जास्त बसतो. (तो बफिंगने चकाचक करू नका, छापच पुसला जातो.)

उरलेले दोन, एक मॅशी आणि एक निब्लिक (दोन्ही जुन्या पद्धतीचे लोखंडी डोक्याचे क्लब), खरे हिकरीचे. जीव जळतो तो इथेच. दोन्हींच्या मानेवर काळा मेणाचा दोरा नीट गुंडाळलेला होता आणि तो फोटोत स्पष्ट दिसत होता. ड्रायव्हर किंवा ब्रॅसी अशा लांब फटक्याच्या क्लबच्या लाकडी डोक्याला मानेवर दोरा असतोच, तो सांधा बांधतो. लोखंडी क्लबला तिथे दोऱ्याचं काम काय? दांडी लोखंडी नळीत बसते आणि आडवी पिन तिला धरते. तिथे दोरा दिसला म्हणजे खाली चीर आहे, एवढं या कामातल्या कुणालाही कळतं. पण फोटो संध्याकाळचे, सातही क्लब एकत्र ठेवलेले, आणि भाव इतका रास्त की संशय यावा असं काही नव्हतं. फुकटात देत असता तर कुणीही सावध झालं असतं!

दोरा सोडवला तर आत चीर बुजवायला भरलेली एपॉक्सी लांबी, वर तपकिरी रंग. पिन एकाच बाजूला दिसते. दुसरीकडे नुसता रंगाचा ठिपका. असली दांडी पहिल्याच फटक्याला मानेत मोडते. नीट करायचं तर पिन ड्रिलने काढायची, नळी हलकेच तापवायची (लाल केली तर आतलं लाकूड कोळसा होतं आणि पोलादाचा रंग जातो), तुकडा ओढून नवी दांडी बसवायची. हिकरी इथलं झाड नाही, आणि शिसवीची दांडी जड होते, हवी तशी लवचत नाही.

आता तक्रारीचं. पोलीस ठाण्यात अर्जावर “हॉकी स्टिक” लिहून मोकळे झाले. दुरुस्त करून घेतलं, तर उत्तर आलं: “माल मिळाला ना? मग हा दिवाणी वाद.” खोटं सांगून पैसे काढले तर भारतीय न्याय संहितेचं कलम 318 आहे, हे अर्जदाराने पोलिसांना वाचून दाखवायचं! बँक म्हणते, पैसे पाठवायचा पिन नंबर तुम्हीच टाकला. ग्राहक आयोगाचं विचारलं तर वकील म्हणतात, पुन्हा विकायला घेतलं असेल तर कायद्याने तुम्ही ग्राहकच नाही. मग आहे तरी कोण? सायबरच्या 1930 नंबरवर फोन करायचा तर पैसे गेल्या गेल्या करा. पार्सल उघडेपर्यंत थांबलात तर खातं रिकामं झालेलं असतं. पार्सल फोडताना व्हिडिओ काढा, दोरा सोडवतानाचाही.

आणि अर्जाची पोच शिक्क्यासह घ्या. इथे पहिल्या अर्जाची पोच मागितली तेव्हा “साहेब बंदोबस्ताला गेलेत” म्हणाले, आणि आता तो अर्जच सापडत नाही.